डोळ्यातला परजीवी फोटोवरून ओळखता येतो का? बेळगावला पाठवण्याआधी काय टिपायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका दृष्टी केंद्रात ऑप्टोमेट्रिस्ट असलेल्या ताईंकडे १९ वर्षांची मुलगी आली. उजव्या डोळ्यानं दोन आठवडे धुरकट दिसतंय, काळे ठिपके तरंगतात, नजर ६/३६ (निरोगी डोळ्याला ३६ मीटरवरून दिसणारं अक्षर तिला सहा मीटरवरून दिसतं). डोळ्याच्या मागच्या पडद्याचा (रेटिनाचा) फोटो काढणाऱ्या केंद्रातल्या ४५ अंशांच्या कॅमेऱ्यावर काढलेल्या फोटोत मॅक्युलाच्या (पडद्याचा मधला, बारीक बघणारा भाग) खाली, कानाच्या बाजूला, पुसट कडांचा पांढरट डाग आहे आणि त्याला चिकटून काळ्या कडेचा, जुना वाटणारा दुसरा डाग. घरी मांजरं, कुत्रा, गोठा. मेडिकलमधून जंताची एक गोळी घेऊन झाली आहे. ताई विचारतात: हा परजीवीच का? कोणता, ते फोटोवरून ठरेल का? अळी असेल तर दिसेल का? आणि पुढे पाठवण्याआधी अजून काय करू?

आधी एक गाठ सोडवू. पडद्याचा फोटो परजीवीचं नाव सांगत नाही. अळी किंवा सिस्ट (अळी आत असलेली पिशवी) प्रत्यक्ष दिसली तरच अपवाद, आणि ते क्वचित घडतं. फोटो आणि ओसीटी (पडद्याचे थर उभ्या छेदात दाखवणारा स्कॅन) मिळून तीन गोष्टी मात्र चांगल्या सांगतात: सूज पडद्याच्या कुठल्या थरात आहे, ती चालू आहे की भरून आलेली, आणि मागच्या वेळेपेक्षा वाढली की घटली. नाव ठरतं ते वय, डोळा एक की दोन, रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी दिव्याखाली केलेली तपासणी, या सगळ्यांची मोट बांधून. म्हणून केंद्रात तुमचं काम निदान करण्याचं नाही. या तीन प्रश्नांची उत्तरं निघतील असे फोटो देण्याचं आहे, आणि ते काम छोटं नाही.

तुम्ही वर्णन केलेलं चित्र, म्हणजे जुन्या काळपट व्रणाच्या कडेला नवा कापसासारखा पांढरा डाग, हे टॉक्सोप्लाझ्मा (थोडक्यात टॉक्सो) या एकपेशीय परजीवीचं सगळ्यात ओळखीचं रूप. पडद्यात सुप्त राहिलेला परजीवी जुन्या व्रणाच्या कडेनं पुन्हा डोकं वर काढतो, म्हणून नवा डाग त्याला चिकटून येतो. वर व्हिट्रियसमध्ये (डोळ्यात भरलेला पारदर्शक जेलीसारखा भाग) सूज असेल तर डाग चोर्ला घाटातल्या धुक्यात समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यासारखा दिसतो: उजेड कळतो, आकार कळत नाही. हे रूप दिसलं की माझ्या यादीत टॉक्सो सगळ्यात वर जातो. पण क्षयरोग आणि सिफिलिस हेही पडद्यावर पांढरे डाग उठवतात, आणि या दोघांची तपासणी न करता कुणी स्टेरॉइड सुरू केलं तर महागात पडतं.

घरात मांजरं आहेत यावर फार भिस्त ठेवू नका. मांजराच्या विष्ठेतले टॉक्सोचे ऊसिस्ट (अंड्यासारखी टणक कवचाची अवस्था) मातीत आणि पाण्यात बरेच महिने टिकतात, शिवाय अर्धवट शिजलेल्या मटणातूनही लागण होते. २००४ मध्ये कोइमतूरमध्ये डोळ्यांच्या टॉक्सोप्लाझ्माची मोठी साथ आली होती, तेव्हा संशय शहराच्या पाणीसाठ्यावर होता. म्हणजे मांजर न पाळणारं घर सुटत नाही आणि मांजर पाळणारं घर दोषी ठरत नाही. शाकाहारी आहे म्हणून शक्यता काढून टाकू नका. विहिरीचं, नदीचं पाणी न उकळता पितात का, हा प्रश्न जास्त कामाचा. इतिहास घेताना भाषेकडेही लक्ष द्या. सीमाभागातल्या कित्येक घरांत मुलगी मराठीत बोलते आणि आजी कन्नडमध्ये. लहानपणी डोळा तिरळा होता का, हे आजीलाच माहीत असतं.

आता फोटोकडे. बाहुली मोठी करण्याआधी तीन कामं उरकून घ्या, कारण थेंब पडल्यावर ती करता येत नाहीत किंवा बिघडतात. दोन्ही डोळ्यांची नजर, पिनहोलसह (बारीक छिद्रातून बघायला लावून). टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर आलटून पालटून फिरवून बाहुल्यांची प्रतिक्रिया. आणि डोळ्याचा दाब. टॉक्सोमध्ये पुढच्या भागातही सूज येऊन दाब वाढलेला असू शकतो. टॉर्च बाजूनं मारून बुबुळापुढचा कप्पा उथळ आहे का तेही बघा. उथळ असेल तर थेंब घालू नका, तसंच पाठवा.

थेंब नेहमीचे: ट्रॉपिकामाइड ०.८ टक्के आणि फिनाइलेफ्रिन ५ टक्के एकत्र असलेले. एक थेंब, दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग वीस-तीस मिनिटं थांबायचं. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या वयस्कर माणसाला फिनाइलेफ्रिन टाळून नुसतं ट्रॉपिकामाइड. या मुलीची बाहुली वेडीवाकडी उघडली तर वैतागू नका. आतल्या सुजेनं बुबुळ मागच्या भिंगाला चिकटलंय, हीच तुम्हाला मिळालेली माहिती आहे. तो आकार कागदावर काढून ठेवा. आणि तिला स्कूटी चालवत परत जाऊ देऊ नका.

तुमचा कॅमेरा थेंबांशिवाय चालतो हे खरं, पण इथे तेवढ्यावर भागवू नका. बिनथेंबाच्या फोटोत मधला भाग बरा येतो आणि परीघ काळा पडतो, आणि परजीवींच्या बाबतीत अर्धी बातमी परिघात असते.

किती फोटो? प्रत्येक डोळ्याचा एक मॅक्युला मध्ये धरून, एक डिस्क (डोळ्याची नस पडद्याला मिळते ती गोल जागा) मध्ये धरून, मग वर, खाली, नाकाकडे, कानाकडे नजर फिरवायला लावून. दुखऱ्या डोळ्याचा आणखी एक, डाग बरोबर मध्ये धरून. आणि अजून एक असा की डागाची कड आणि रक्तवाहिनीचा एखादा ठळक फाटा एकाच चौकटीत यावा. हा शेवटचा फोटो बहुतेक जण काढत नाहीत, आणि तोच पुढे सर्वांत उपयोगी पडतो. दोन आठवड्यांनी काढलेल्या फोटोवर तो फाटा जुळवला की कड किती सरकली ते नेमकं कळतं. फाटा नसेल तर ‘जरा कमी वाटतंय’ एवढंच म्हणता येतं.

चांगल्या डोळ्याचे फोटो टाळू नका. तिथे जुना, काळ्या कडेचा व्रण निघाला तर टॉक्सोचं पारडं जड होतं. मॅक्युलावरचा असा व्रण बऱ्याचदा जन्मापासूनचा असतो आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो.

उजेडाचं गणित इथे उलटं आहे. फोटो धुरकट आला की हात आपोआप फ्लॅश वाढवायला जातो. व्हिट्रियस गढूळ असताना फ्लॅश वाढवला की तो उजेड गढूळपणावरच आपटून परत येतो आणि सगळं चित्र दुधाळ होतं. फ्लॅश एक पायरी खाली आणून बघा. शिवाय पांढरा डाग नेहमीच्या फ्लॅशला जळून जातो, म्हणजे आत नुसता पांढरा सपाट ठिपका उरतो. त्यासाठीही कमी उजेडाचा एक फोटो हवाच. मग हिरव्या फिल्टरचा एक. त्यात बारीक रक्तस्राव, वाहिन्यांच्या भिंतीवरचे पांढरट चट्टे आणि डागाची कड रंगीत फोटोपेक्षा स्पष्ट दिसतात. कॅमेरा डावी-उजवीकडे दोन-तीन मिलिमीटर सरकवून जोडीचे दोन फोटो काढलेत तर डाग उंच उठलाय की सपाट आहे, याचाही अंदाज येतो.

फाइल पाठवण्याची रीत हा स्वतंत्र आजार आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकला की ते ॲप त्याला दाबून लहान करतं, आणि डागाची कड आणि बारीक तपशील त्यातच जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कापू नका, उजेड-रंग सुधारू नका. फाइलच्या नावात रुग्णाचं नाव नको. केस क्रमांक, डोळा आणि तारीख पुरे. मॉनिटरच्या स्क्रीनचा मोबाइलनं काढलेला फोटो तर अजिबात पाठवू नका. त्यात स्क्रीनच्या रेघा आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब यांचंच निदान होतं.

बेळगावला ओसीटी होईल तेव्हा पत्रात एक ओळ जरूर लिहा: ‘ओसीटीच्या रेघा डागावरून घ्याव्यात.’ नाही लिहिली तर नेहमीच्या सवयीनं मॅक्युलाचा ६ बाय ६ मिलिमीटरचा चौकोन घेऊन रंगीत नकाशा हातात येतो, आणि डाग त्या चौकोनाबाहेर असेल तर रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून मिळतं. डागाच्या मधून, कडेवरून आणि शेजारच्या निरोगी भागातून जाणारी रेघ हवी. सोबत जुन्या व्रणावरूनही एक.

चालू टॉक्सोमध्ये ओसीटीत पडद्याचे आतले थर पांढरे, फुगलेले दिसतात, थरांमधल्या रेघा पुसल्या जातात आणि खाली सावली पडते. वर व्हिट्रियसमध्ये पांढरे ठिपके उडालेले दिसतात, त्याची मागची पातळ त्वचा जाड होते, आणि डागाखालचा कोरॉइडचा (पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा) थरही फुगतो. जुन्या व्रणात नेमकं उलटं: पडदा पातळ, थर कोसळलेले, ठिपके नाहीत. रंगीत फोटोत ‘नवा की जुना’ असा वाद होतो तेव्हा ओसीटी तो बहुधा मिटवते. मॅक्युलाखाली पाणी साचलंय का तेही तीच सांगते. नजर ६/३६ झाली ती डागामुळे, पाण्यामुळे की वरच्या गढूळपणामुळे, याचा उलगडा झाला तर नजर किती परत येईल हेही घरच्यांना सांगता येतं. पाणी आणि गढूळपणा उतरतो. मॅक्युलाच जळाला असेल तर ती नजर परत येत नाही.

फ्लोरेसिन अँजिओग्राफीबद्दल (शिरेतून रंग टोचून पडद्यातल्या वाहिन्यांचे फोटो) दोनच वाक्यं. ठरीव चित्र असेल तर निदानासाठी ती लागत नाही. जुन्या व्रणाशेजारी नव्या कमकुवत वाहिन्या उगवून रक्त किंवा पाणी आलंय अशी शंका असेल तरच तिचा, किंवा बिनरंगाच्या ओसीटी अँजिओग्राफीचा, विचार होतो.

फरक पडतोय का, हे कधी बघायचं? पहिला फोटो औषधाआधी, मग साधारण आठवड्यानं, तीन आठवड्यांनी आणि सहा-आठ आठवड्यांनी. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर डाग साधारण दीड-दोन महिन्यांत व्रणात बदलतो. आधी कड धारदार होते, मग डाग आक्रसतो, आणि काळा रंग सगळ्यात शेवटी भरतो. वरचं धुकं त्याहून हळू निवळतं, त्यामुळे आठवडाभरानं ‘दिसत तर तसंच आहे’ म्हणून कुणी औषध बंद केलं तर कड दाखवून समजवा. पहिल्या आठवड्यातला फोटो हा धीर देण्यासाठी कमी आणि भलतंच काही निघतंय का हे बघण्यासाठी जास्त असतो. दोन-तीन दिवसांत डाग पसरतोय, परिघात एकाहून जास्त पांढरे पट्टे उठताहेत, वाहिन्या पांढऱ्या पडताहेत, असं दिसलं तर विषाणूनं पडदा सडतोय असं समजून त्याच दिवशी पाठवायचं. तिथे उशीर झाला तर डोळा जातो.

रक्ताच्या रिपोर्टबद्दल. आयजीजी आणि आयजीएम ही संसर्गाविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं. टॉक्सो आयजीजी पॉझिटिव्ह आलं म्हणजे कधीतरी संसर्ग होऊन गेला, एवढाच अर्थ. असे असंख्य निरोगी लोक आहेत. त्या एका ओळीवर निदान चिकटवू नका. उलट बाजूनं तो रिपोर्ट जास्त बोलतो: आयजीजी आणि आयजीएम दोन्ही निगेटिव्ह आले तर टॉक्सोची शक्यता खूपच घटते आणि फोटो नव्यानं वाचावे लागतात. सोबत सिफिलिस, एचआयव्ही आणि क्षयरोगाची तपासणी असते. ती कशासाठी हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर एचआयव्हीचं नाव बघून रिपोर्ट न करताच लोक परत जातात.

औषध डॉक्टर ठरवतील. डाग मॅक्युलाच्या जवळ आहे म्हणून बहुधा देतीलच. बऱ्याचदा को-ट्रायमॉक्साझोल १६०/८०० ची गोळी दिवसातून दोनदा देतात, आणि ती सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांनी गरजेनुसार स्टेरॉइड. हा क्रम उलटा होता कामा नये. औषधाच्या आधाराशिवाय स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि त्याहून वाईट म्हणजे डोळ्याशेजारी स्टेरॉइडचं इंजेक्शन, यानं डाग बेफाम वाढतो. म्हणून पत्रात दोन गोष्टी ठळक लिहा: सल्फाची ॲलर्जी आहे का, आणि गरोदरपणाची शक्यता आहे का. दुसरा प्रश्न मुलीला एकटीला घेऊन विचारा.

आता अळीचा प्रश्न. एकाच डोळ्यात फिरत्या अळीनं होणारा पडद्याचा आजार दुर्मिळ आहे, पण तरुण मुलांत तो होतो, आणि नजर हळूहळू जाते. वाहिन्या बारीक आणि डिस्क फिकट पडेपर्यंत लक्षातही येत नाही. कुत्र्यांतला हूकवर्म आणि टॉक्सोकॅरा (कुत्र्या-मांजरांतला गोल जंत, टॉक्सोप्लाझ्मा नव्हे) यांच्या अळ्यांवर संशय घेतला जातो. अळीची लांबी साधारण ४०० ते २००० मायक्रॉन असते, आणि डिस्कचा व्यास अंदाजे १५०० मायक्रॉन. म्हणजे छोटी अळी डिस्कच्या पाव-तृतीयांशाएवढी, पांढरी, चमकदार, कधी वेटोळं घातलेली. तुमच्या फोटोत ती एक फिकट स्वल्पविराम वाटेल आणि धूळ समजून सुटून जाईल.

ती शोधायची तर ताजे राखाडी-पांढरे ठिपके ज्या भागात एकवटलेत तिथे शोधा, कारण अळी त्यांच्या आसपासच असते. त्या भागाचा फोटो काढा, थोड्या मिनिटांनी त्याच चौकटीचा दुसरा. दोन्ही एकामागून एक उलटून बघा. जे हललं ती अळी, जे राहिलं तो डाग किंवा लेन्सवरचा कण. तेजस्वी उजेडात ती सरकते, म्हणून शोध इन्फ्रारेडवर घेणं बरं. ते नसेल तर फ्लॅश कमी. दिसलीच तर वाहिन्यांच्या फाट्यांच्या संदर्भानं जागा कागदावर काढा, फोन करा आणि रुग्णाला त्याच दिवशी रवाना करा. लेझरनं ती मारता येते, पण उद्यापर्यंत ती तिथेच असेल याची हमी नाही. तुमच्या वर्णनातल्या मुलीत मात्र मला अळीची शक्यता वाटत नाही.

सिस्ट हा वेगळा मामला, आणि तालुक्याच्या ठिकाणी यात सगळ्यात जास्त धोका आहे. ही सिस्ट डुकराच्या पट्टकृमीच्या अळीची. त्या कृमीची अंडी माणसाच्या मैल्यातून भाजीवर, पाण्यात जातात, म्हणून कांदा-लसूणही न खाणाऱ्या घरात हे होऊ शकतं. कच्ची कोथिंबीर, कोबी, गाजर नीट न धुता खाणं एवढं पुरतं. पडद्याखाली किंवा व्हिट्रियसमध्ये मोत्यासारखी अर्धपारदर्शक गोल पिशवी, आत एक घट्ट पांढरा ठिपका, आणि उजेड टाकल्यावर पिशवी हळूच आकार बदलते. हे नुसत्या फोटोपेक्षा व्हिडिओत चांगलं पकडता येतं. पडदा दिसतच नसेल तर बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी): आधी गेन (यंत्राची संवेदनशीलता) वाढवून सगळं बघायचं, मग उतरवत जायचं. बाकीचे प्रतिध्वनी विझतात आणि आतल्या ठिपक्याचा ठळक प्रतिध्वनी मागे राहतो.

डोळ्यात जिवंत सिस्ट असताना अल्बेंडाझोलचा कोर्स दिला की ती आतच मरते आणि त्या सुजेनं डोळा जाऊ शकतो. ती शस्त्रक्रियेनं काढतात. आकडी आली म्हणून मेंदूचा स्कॅन झाला, गाठ दिसली, अल्बेंडाझोल लिहून दिलं, अशी चिठ्ठी घेऊन कुणी तुमच्याकडे चष्म्याच्या नंबरासाठी आलं तर पहिला डोस घेण्याआधी बाहुल्या मोठ्या करून दोन्ही पडदे बघून घ्या. उपचाराच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, पण औषध लिहिणारे एकीकडे आणि डोळा बघणारे दुसरीकडे, यात ते राहून जातं. या मुलीनं घेतलेली एक गोळी आतड्यातल्या जंतांची आहे. तिनं डोळ्यातल्या आजाराचं काही होत नाही. तारीख मात्र पत्रात लिहा, आणि अजून गोळ्या घेऊ नको असं सांगा.

लहान मुलांसाठी एक इशारा. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या एका डोळ्यात पांढरी झाक, तिरळेपणा, आणि घरी कुत्र्याची पिल्लं, म्हणून ‘टॉक्सोकॅरा असेल’ असं म्हणून वाट बघायची नाही. तशीच झाक डोळ्याच्या कर्करोगात येते. बी-स्कॅनमध्ये चुन्याचे ठळक ठिपके कर्करोगाकडे झुकवतात. परिघातल्या गाठीपासून मागच्या पडद्याकडे ताणलेली दोरी टॉक्सोकॅराकडे. पण हा निवाडा मोठ्या केंद्रात होतो, आणि तोवर डोळ्यात सुई घालायची नाही. शौचाची तपासणी इथे निरुपयोगी आहे, कारण टॉक्सोकॅराची अळी माणसाच्या आतड्यात प्रौढ होऊन अंडी घालतच नाही.

मुलीला आज-उद्याच पाठवा. इकडचा रुग्ण बेळगावला सुरुवात करतो, मग कुणी मिरजेला नेतो, कुणी कोल्हापूरला, कुणी हुबळीला, आणि प्रत्येक ठिकाणी फोटो पहिल्यापासून सुरू होतात. मूळ फाइल्स पेन ड्राइव्हवर तिच्या हातात द्या, एक प्रत केंद्रात ठेवा. ओसीटीचीही नुसती प्रिंट न घेता फाइल मागून आणायला सांगा. पत्रात नजर, दाब, बाहुलीची प्रतिक्रिया, थेंब कोणते नि किती वाजता घातले, गोळी कधी घेतली, आणि पहिला फोटो कोणत्या तारखेचा, एवढं असू द्या. तीन आठवड्यांनी ती परत आली की त्याच फाट्यावर चौकट लावून तोच फोटो पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाठवा.